पहिलाच डोंगर? कर्नाळ्याची अर्ध्या दिवसाची भटकंती अशी आखा

मुंबईकराची डोंगरवारी बहुतेक वेळा लोकलमध्येच बिघडते. सहाला भेटायचं ठरतं, शेवटचा गडी पावणेसातला कुर्ल्याला उगवतो आणि चढाईला हात घालेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं. म्हणून आखणी शेवटाकडून सुरू करायची. घरी किती वाजता पोचायचंय ते आधी ठरवा आणि तिथून उलटं मोजत या.

पहिल्या खेपेसाठी मी कर्नाळा सुचवतो, पक्षी अभयारण्यातला किल्ला. पनवेलपासून साधारण 12 किलोमीटर, अभयारण्याचं फाटक मुंबई-गोवा महामार्गालाच लागून. किल्ल्याची उंची साडेचारशे मीटरच्या आसपास, वाट मळलेली आणि बरीचशी झाडीतून जाणारी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात जंगल देखणं असतं, पण शेवाळलेल्या दगडावर नवख्याचा पाय टिकत नाही. एप्रिल-मेच्या घामट उन्हात तर जाऊच नका.

कोण येणार आणि किती वेळ लागणार

सोबत कोण येतंय ते आधी मोजा. ग्रुपमधला सगळ्यात हळू चालणारा माणूस हेच तुमचं घड्याळ. आमच्यात ती सुमामावशी. वय 61, गुडघा कुरकुरणारा, पण पक्षी दिसला की सगळ्यांच्या पुढे.

वेळेच्या हिशोबाला नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये सांगितलेला ठोकताळा अजून कामाला येतो: सपाटीवर 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. कर्नाळ्याला या हिशोबाने सव्वा तासाच्या आत माथा गाठायला हवा. पण नेस्मिथसाहेब आपल्या दमट हवेत कधी चढले नव्हते. चढायला दोन तास धरा, वर एक तास, उतरायला दीड.

आता उलटं मोजा. दीडला पनवेल स्टेशनात परत यायचं, तर साडेबारापर्यंत फाटकावर, अकराला माथा सोडायचा, आठला चढाई सुरू. म्हणजे सीएसएमटीहून साडेपाचच्या आसपासची पनवेल लोकल, कारण तिलाच सव्वा तासाच्या वर लागतो. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा: रविवारी दुपारी हार्बरवर मेगाब्लॉक असला तर नेमके परतीच्या वेळी अडकाल. जमलं तर शनिवारच धरा.

पनवेल स्टँडवरून पेणच्या दिशेची साधी एसटी घ्या. बसायच्या आधी कंडक्टरला ‘कर्नाळा अभयारण्याला थांबणार ना?’ एवढं विचारा. विनाथांबा गाडी तुम्हाला थेट पुढे नेऊन सोडेल. फाटक किती वाजता उघडतं आणि त्या दिवशी प्रवेश आहे की नाही, हेही आदल्या दिवशीच विचारून घ्या.

सॅकेत काय

माणशी 2 लिटर पाणी. माथ्यावर कोरीव टाकी आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. बाटली स्टीलची घेतलीत तर बरं, कारण फाटकावर प्लॅस्टिकची मोजदाद होते. खायला पोळीभाजीचे रोल, शेंगदाण्याची चिक्की, लिंबू-मीठ-साखर. वेफर्सचं पाकीट घरी ठेवा. त्याचा चुरचुर आवाज माकडांना तुमच्याआधी ऐकू येतो.

बुटांवर मात्र जरा वेळ घालवा. मी एकदा माळ्यावरचे, दोन वर्षं न घातलेले बूट झटकून तसेच चढवले. अर्ध्या वाटेत उजव्या बुटाचा तळ मगरीच्या जबड्यासारखा उघडला. नाडी काढून तो तळाखालून बांधला आणि खाली येईपर्यंत तिला सात वेळा गाठ मारली. मुंबईच्या दमट हवेत नुसत्या पडून राहिलेल्या बुटांचा फोम आतून भुसभुशीत होतो, वरून काही कळत नाही. आदल्या आठवड्यात तोच जोड घालून चार मजले चढून-उतरून पाहा, टाच धरून वाकवून पाहा. खाचा झिजलेले गुळगुळीत बूट चालणार नाहीत आणि कोरे करकरीत तर नकोच.

अत्तर, डिओ लावू नका. किल्ल्याच्या माथ्यावर अंगठ्यासारखा उभा सुळका आहे आणि त्याला आग्या मोहोळं लटकलेली असतात. वर आरडाओरडा, धूर, दगड भिरकावणं काही नको. माश्या उठल्याच तर हातवारे न करता डोकं-तोंड कापडाने झाकून घ्या आणि झटपट तिथून लांब व्हा.

चालताना

पहिली 20 मिनिटं मुद्दाम हळू चाला. दम लागून बोलणं तुटायला लागलं की वेग जास्त झाला समजा. मावशीला पुढे ठेवा, मागे नाही. मागे राहिलेला माणूस पोचेपर्यंत बाकीच्यांची विश्रांती संपलेली असते आणि त्याला बसायलाच मिळत नाही.

मोबाइलवरची गाणी बंद. मागच्या हिवाळ्यात एका वळणावर आम्हाला तीन वेगवेगळे पक्षी ओरडताना ऐकू आले, आणि मावशीने बोट दाखवलं तेव्हा फांदीवर एकटाच भृंगराज बसलेला. शेपटीची दोन लांब पिसं मागे लोंबत होती, टोकाला चमच्यासारखी. नकला करण्यात हा पक्षी वस्ताद.

अकरा वाजले की जिथे असाल तिथून मागे फिरा, माथा दहा मिनिटांवर असला तरी. वरच्यांना तेव्हा फार जिवावर येतं, म्हणून हे आदल्या दिवशीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या.

परतीची एसटी महामार्गाच्या पलीकडच्या बाजूला मिळते. रस्ता सांभाळून ओलांडा, हात दाखवा. पेणहून येणारी गाडी भरलेली असली तर थांबत नाही, दुसरीची वाट पाहावी लागते. वरच्या हिशोबात साडेबारा ते दीड हा तास मी त्यासाठीच ठेवलाय.