टाइल्सचा शेड वेगळा निघाला तेव्हा

नेरुळच्या घरात हॉलची फरशी बदलत होतो. निम्मं काम झालं आणि दुपारच्या उन्हात दिसलं, खिडकीकडच्या टाइल्स पिवळट आहेत. पोटात गोळाच आला. खोके पाहिले तर डिझाइन तेच, पण बॅच नंबर आणि शेडचा शिक्का वेगळा. भट्टीतला प्रत्येक लॉट रंग थोडा वेगळा घेतो, हे मिस्त्रीकाकांनी तेव्हा सांगितलं. आधी सांगायला हवं होतं! काम तिथेच थांबवलं. दोन्ही शिक्क्यांचे फोटो आणि बिल घेऊन दुकान गाठलं. न फोडलेले 9 खोके त्यांनी बदलून दिले, पहिल्या बॅचचा माल यायला मात्र 8 दिवस गेले. लावलेल्या 4 पिवळट टाइल्स सिमेंट ओलं असल्याने अलगद निघाल्या. धुऊन ड्राय बाल्कनीत बसवल्या. आता माल टेम्पोतून उतरतानाच मी प्रत्येक खोक्यावरचा शिक्का वाचते.