काबुकी नटांच्या नावांबद्दल लिहिताय? या चुका टाळा

काबुकी म्हणजे जपानचं पारंपरिक नाटक. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मजकूर पाठवतं, 'काबुकीवर लिहिलंय, जरा नजर टाका.' आनंदानं उघडतो. पहिल्याच परिच्छेदात वाक्य असतं, 'थोर नट इचिकावा दान्जूरो यांना १८४२ साली एदोतून हद्दपार करण्यात आलं आणि २०२२ साली त्यांनी...' पुढे वाचवत नाही. माणूस एकशे ऐंशी वर्षं नाचत होता की काय? एदोतून, म्हणजे आजच्या तोक्योतून, हद्दपार झाले ते सातवे दान्जूरो. २०२२चे ते तेरावे.

काबुकीत नट आपल्या घराण्यातलं आधी कुणीतरी गाजवलेलं नाव समारंभानं स्वतःला लावून घेतो. याला 'शूमेइ' म्हणतात. त्या दिवसापासून त्याचं जुनं नाव मोकळं होतं आणि पुढेमागे दुसऱ्या कुणाला तरी मिळतं. हे दुसरं वाक्य नवशिके वाचतच नाहीत, आणि निम्मा घोळ तिथेच होतो.

नावापुढचा क्रमांक गाळणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मी स्वतः केली आहे, तीही छापील. एका दिवाळी अंकासाठी दान्जूरो घराण्यावर लेख लिहिला होता. सोबत जपानी चित्रकार शाराकूचं १७९४ सालचं प्रसिद्ध चित्र होतं, इचिकावा एबिझो यांचं. आजच्या काळात एबिझो हे दान्जूरो होण्याआधीचं नाव असतं, हे मला ठाऊक होतं. तेवढ्याच भांडवलावर मी खाली ओळ लिहिली : 'अजून दान्जूरो व्हायचा असलेला तरुण एबिझो.' वंशावळ उघडायचे कष्ट घेतले नाहीत. मुदत दुसऱ्या दिवशी होती ना!

अंक बाजारात आला आणि एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. 'चित्रातल्या तरुणाच्या कपाळावर आणि डोळ्यांखाली एवढ्या सुरकुत्या कशा?' मग चित्र नीट पाहिलं. तो एबिझो म्हणजे पाचवे दान्जूरोच होते, वय ५३. १७९१ साली त्यांनी दान्जूरो हे नाव सहाव्याला देऊन टाकलं आणि स्वतः एबिझो झाले. त्या काळी एबिझो हे नाव दान्जूरोपद सोडल्यावरही घेत असत. दुसऱ्यांनी घेतलं होतं, पुढे १८३२ मध्ये सातव्यांनीही मुलाला आठवा करून तेच घेतलं. म्हणजे शिडी वर जाते तशी खालीही येते, आणि मी ती उलटी धरली होती.

पाचव्यांची तर आणखी गंमत. एबिझोमधला 'एबि' म्हणजे झिंगा. आधीच्यांनी तो मोठ्या शेवंडीच्या लिपीचिन्हांनी लिहिला, यांनी बारक्या कोळंबीचं वेगळं चिन्ह घेतलं. 'मी आपला किरकोळ' असा त्यातला विनय. दुसऱ्यांचं कवितेसाठीचं नाव 'हाकुएन' होतं. यांनी उच्चार तोच ठेवला, पण चिन्हं अशी निवडली की अर्थ झाला पांढरं माकड. माणसापेक्षा माकडाला तीन केस कमी असतात, अशी जपानी म्हण आहे. मीही पूर्वसुरींपेक्षा तेवढाच कमी, हा त्यातला टोमणा स्वतःलाच. तेराव्यांनी २०२२ साली दान्जूरोबरोबर हेच हाकुएनही लावून घेतलं. हे सगळं त्या चित्राखाली लिहिता आलं असतं. मी काय लिहिलं, तर 'तरुण'.

तेव्हापासून माझी एक वही आहे. प्रत्येक नावाला एक पान. त्यावर क्रमांक, कधीपासून, कधीपर्यंत, आधीचं नाव, नंतरचं नाव. वहीत शोधल्याशिवाय मी नाव लिहीत नाही. तक्ते संगणकावर करा म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात. करा बापडे. पण हातानं लिहिलेलं डोक्यात राहतं.

तेरावा म्हणजे तेरावी पिढी, असं समजणं

साफ चूक. दहावे दान्जूरो नववे दान्जूरो यांचे जावई. आधी बँकेत नोकरीला. सासरे १९०३ साली वारले, गादी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून हे गृहस्थ मोठ्या वयात रंगमंचावर आले. नट म्हणून फार गाजले नाहीत, पण घराण्याची नाटकं त्यांनी जिवंत ठेवली. दान्जूरो म्हणून मात्र ते एक दिवसही उभे राहिले नाहीत. १९५६ साली गेले आणि दहावा हा मान त्यांना मरणोत्तर मिळाला. म्हणजे १९०३ ते १९६२ रंगमंचावर दान्जूरोच नव्हते.

१९६२ साली झालेले अकरावे दत्तक. जन्मानं ते सातवे मात्सुमोतो कोशिरो यांचे थोरले चिरंजीव. त्यांचा मधला भाऊ आठवा कोशिरो झाला, धाकटा दुसरा ओनोए शोरोकू. एका बापाचे तीन मुलगे, तीन घरांची तीन नावं. 'बापाकडून मुलाकडे' असं सरसकट लिहिणाऱ्यांनी एवढं एकच कुटुंब मांडून पाहावं. स्त्रीभूमिकांसाठी जगभर नाव झालेले पाचवे बांदो तामासाबुरो तर काबुकी घरात जन्मलेच नाहीत. तेही दत्तक.

त्यांना 'जपानचे बालगंधर्व' म्हणायचा मोह आवरा. आपल्याकडे बालगंधर्व, सवाई गंधर्व, छोटा गंधर्व झाले, पण प्रत्येकाची उपाधी वेगळी आणि ती त्याच्याबरोबर संपली. दुसरे बालगंधर्व कुणी झाले नाहीत.

आडनावावरून घराणं ठरवू नका. नाकामुरा कान्झाबुरोंचं घरनाव नाकामुराया, नाकामुरा किचिएमोनचं हारिमाया, नाकामुरा उताएमोनचं नारिकोमाया. प्रेक्षक गॅलरीतून हाक मारतात ती या घरनावाची. दान्जूरो आले की 'नारिताया!', 'इचिकावा!' नव्हे. आणि कृपा करून 'श्री. इचिकावा' लिहू नका. तेराव्यांचं कागदोपत्री आडनाव होरिकोशी आहे.

जाहीर झालेली तारीख म्हणजे झालेला समारंभ नव्हे. तेराव्यांची शूमेइ मे २०२० ला ठरली होती. करोनामुळे ती तोक्योच्या काबुकी-झा नाट्यगृहात नोव्हेंबर २०२२ ला झाली. जुनी बातमी चिकटवणारे अजून २०२० लिहितात.

जुन्या लेखातलं नाव 'शोधा आणि बदला' करून नवं करणं हा तर आळसाचा कळस. जानेवारी २०१८ मध्ये मात्सुमोतो घरातल्या तिघांनी एकदम नावं बदलली. नववे कोशिरो दुसरे हाकुओ झाले, सातवे सोमेगोरो दहावे कोशिरो, आणि नातू चौथा किन्तारो आठवा सोमेगोरो. १९८१ सालीही याच घरात अशीच तिहेरी शूमेइ झाली होती. आता २०१७च्या लेखातला सोमेगोरो चाळिशी उलटलेला पुरुष आहे आणि फेब्रुवारी २०१८च्या लेखातला बारा वर्षांचा मुलगा. बटण दाबून हे कसं सुटणार? प्रयोगाच्या दिवशी जे नाव होतं ते लिहा, गरज असेल तर 'आताचे दहावे कोशिरो' असं पुढे जोडा.

एका वेळी एका नावाचा एकच नट, हाही नियम पक्का नाही. मे २०२५ मध्ये पाचवे किकुनोसुके आठवे किकुगोरो झाले, पण वडिलांनी सातवे किकुगोरो हे नाव सोडलंच नाही. एकाच रंगमंचावर दोन किकुगोरो. तिथे क्रमांक गाळून दाखवा बरं!

बरीच वर्षं कुणी नाव घेतलं नाही म्हणून 'परंपरा खंडित झाली' असा गळाही काढू नका. साकाता तोजूरो हे नाव २३१ वर्षं पडून होतं. तिसऱ्या नाकामुरा गान्जिरोंनी २००५ साली ते उचललं आणि ते चौथे तोजूरो झाले. तेव्हा त्यांचं वय सत्तरीपुढे होतं.

माझ्या वहीत उताएमोनचं पान आहे. सहावे २००१ साली गेले. नवव्या फुकुसुकेंनी २०१४ मध्ये सातवे व्हायचं जाहीर झालं, तेव्हा मी घाईनं त्यांचं नाव लिहून टाकलं. सुदैवानं हातात पेन्सिल होती. २०१३च्या नोव्हेंबरात त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि समारंभ पुढे गेला. ती ओळ मी खोडलेली नाही, शाईनंही गिरवलेली नाही.