घोरण्यावरची ‘कवळी’: कोणी घालावी, कशी घालावी

मी दातांची डॉक्टर. घोरण्याची तक्रार माझ्याकडे बहुतेक वेळा बायकाच आणतात. “आमच्या ह्यांचा श्वास मध्येच अडकतो, मी हलवून जागं करते.” हे शेजारी बसून हसत असतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. स्लीप ॲप्निया नावाच्या या आजारात झोपेत श्वास दहा सेकंद किंवा जास्त बंद पडतो, तोही तासाला कितीतरी वेळा. रक्तदाब त्याने वाढतो, आणि दिवसा गाडी चालवताना डुलकी लागते ती वेगळीच.

यावर रात्री दातावर बसवायचं साधन, म्हणजे ही ‘कवळी’, हवं असेल तरी पहिली पायरी माझ्या खुर्चीत नाही. आधी कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरांकडून स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, करून घ्या. रिपोर्टात ‘एएचआय’ असतो, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला त्याचा आकडा. ५ ते १५ सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. सौम्य-मध्यम असेल तर आपलं साधन चांगलं काम करू शकतं. तीव्र असेल तर आधी सीपॅपच, म्हणजे मास्कमधून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं मशीन. ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिवन यांनी १९८१ मध्ये ते पुढे आणलं आणि तीव्र आजारात अजून त्याच्या तोडीचं काही नाही. पण मास्क अजिबात सोसवत नाही म्हणून मशीन कपाटात पडून असेल, तर डॉक्टरांना विचारून माझ्याकडे या.

साधन दिसतं दोन पारदर्शक कवळ्यांसारखं, वर एक, खाली एक. रात्रभर ते खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवतं. जिभेचा स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूला जोडलेला असतो. जबडा पुढे आला की जीभही येते आणि घशाची वाट मोकळी राहते.

मी आधी तोंड तपासते. वर-खाली साधारण आठ-आठ तरी घट्ट दात हवेत, हलणारे चालत नाहीत. कीड, रूट कॅनाल, कॅप, जे काही राहिलं असेल ते आधी उरका. नंतर दाताचा आकार बदलला की साधन बसत नाही. आपल्याकडे आणखी एक अडचण असते: गुटखा आणि सुपारी. वर्षानुवर्षं खाऊन गालाची आतली कातडी कडक झालेली, तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत, अशा माणसाला हे साधन घालता-काढताच येत नाही. त्याला आधी त्या गालांवर उपचार घ्यावे लागतात.

मग माप. जबडा जास्तीत जास्त जितका पुढे येतो, त्याच्या साधारण निम्म्यापासून मी सुरुवात करते. ऑनलाइन मिळणारं, गरम पाण्यात बुडवून चावायचं स्वस्त साधन मी कुणालाच सुचवत नाही. ते सैल होतं आणि जबडा किती पुढे नेला याचा नीट हिशेब राहत नाही.

सुरुवातीला झोपण्याच्या तासभर आधी, सिरियल बघताना घाला. लाळ गळेल, उशी ओली होईल. ते काही दिवसांत कमी होतं. तोंडाला सवय झाली की मगच साधनातला स्क्रू चावीने फिरवून जबडा आणखी पुढे न्यायचा, मी सांगेन तितकाच. बहुतेक स्क्रू एका वेळी पाव मिलिमीटर सरकतात. फिरवला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. “लवकर बरं व्हायचंय” म्हणून एकाच आठवड्यात सगळा स्क्रू फिरवणारे भेटतात. कानापुढचा सांधा ठणकायला लागला की फोन येतो. दुखलं तर एक फेरा मागे घ्या आणि थांबा.

सकाळी साधन काढल्यावर दात जुळत नाहीत, पोळीचा घास नीट चावला जात नाही. मागच्या दाढा हळूहळू दाबून चावण्याचा व्यायाम मी शिकवते, त्याने थोड्या वेळात जबडा जागेवर येतो. पण वर्षानुवर्षं वापरल्यावर दातांची जुळणी कायमची थोडी बदलू शकते. हे मी साधन बनवण्याआधीच सांगते आणि दातांचे फोटो काढून ठेवते.

धुवायला गार पाणी, मऊ ब्रश, साधा साबण. गरम पाण्याने साधन वाकडं होतं, टूथपेस्टने ओरखडे पडतात. वाळवून डबीत ठेवा. घरात कुत्रा असेल तर डबी उंचावर, लाळेचा वास त्याला फार आवडतो.

आणि आता ज्या गोष्टीवरून माझे पेशंटांशी वाद होतात ती. घोरणं थांबलं, बायको खूश, म्हणून पुढची तपासणी नको, असं बरेच जण म्हणतात. घोरणं बंद होऊनही श्वास अडकत राहू शकतो, शेजारच्याला ते ऐकू येत नाही इतकंच. म्हणून स्क्रूची जागा ठरली की साधन तोंडात घालून स्लीप स्टडी पुन्हा करायची. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या आणि दंतवैद्यांच्या संघटनांनी २०१५ साली एकत्र काढलेल्या मार्गदर्शनातही हे आहे. वजन बरंच वाढलं तर तेव्हाही करा. तपासणीला जाताना चावी सोबत न्या, आणि माझ्याकडे येताना दोन्ही रिपोर्ट आणा. दुसरा आकडा पहिल्याशेजारी ठेवल्याशिवाय स्क्रू पुढे न्यायचा की तिथेच ठेवायचा, हे मला ठरवता येत नाही.