रेणूंवरून वस्तुमान काढताना या चुका टाळा

अकरावीला मोलचा (6.022 × 10²³ कणांचा एक गठ्ठा म्हणजे एक मोल) धडा सुरू झाला की सांगलीतल्या माझ्या वर्गात दरवर्षी त्याच चुका नव्या वह्यांत उगवतात.

पहिली गुणाकाराची. रेणूंची संख्या दिसली रे दिसली की पोरं तिला 6.022 × 10²³ ने गुणून मोकळी होतात. पाण्याच्या 1.5055 × 10²³ रेणूंचं वस्तुमान एकीनं 1.6 × 10⁴⁸ ग्रॅम काढलं, खाली दोन रेघा मारल्या आणि वही मिटली. अख्खा सूर्य 2 × 10³³ ग्रॅमचा आहे. चुकीचं मला काही वाटत नाही, पण उत्तराकडे न बघता वही मिटण्याचा राग येतो. दिलेली संख्या आधी 6.022 × 10²³ च्या शेजारी ठेवून बघा. ही तिच्या पाव आहे, म्हणजे पाव मोल. पाण्याचा एक मोल 18 ग्रॅम, त्याचा पाव 4.5. माझ्या टेबलावर औषधाच्या बाटलीत 18 मिली पाणी कायम भरलेलं असतं. एक मोल म्हणजे एवढंच, घोटभर.

ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा, तेव्हा एका मोलला 16 नाही, 32 ग्रॅम घ्या. मोल काढायला भागताना घातांची वजाबाकी बोटं मोजून करा. 10²² ला 10²³ ने भागलं तर 22 वजा 23 म्हणजे उणे 1. आणि एका ओळीचं सूत्र पाठ करू नका. आधी मोल, मग ग्रॅम, दोन वेगळ्या ओळींत. मी स्वतः आजही तसंच लिहितो.

आता मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेटचे निळे खडे. तासगावकडचा एक मुलगा, घरची द्राक्षबाग, बोर्डो मिश्रणाच्या फवारणीसाठी लहानपणापासून मोरचूद भिजवणारा. लिटरभर द्रावणासाठी त्याला 0.1 मोल, म्हणजे 6.022 × 10²² एककं तोलायची होती. (हा क्षार आहे, म्हणून रेणू न म्हणता सूत्र-एकक म्हणायचं. हिशोब तोच.) त्यानं 15.96 ग्रॅम निळे खडे घेतले. अख्खी दुपार गेली, अनुमापनाचे (टायट्रेशनचे) आकडे काही जुळेनात. कॉपर सल्फेटचे 159.6 त्यानं धरले होते, पण खड्यातल्या प्रत्येक एककासोबत पाण्याचे पाच रेणू असतात, त्यांचे 90 राहून गेले. हवे होते 24.96 ग्रॅम.

मी त्याला चिमूटभर खडे परीक्षानळीत तापवायला लावले. नळीच्या तोंडाशी थेंब जमले, निळा रंग गेला, पांढरी भुकटी उरली. गार झाल्यावर पाण्याचा थेंब टाकला, पुन्हा निळी. तो बराच वेळ नळीकडे बघत राहिला. मग वहीच्या कडेला त्यानं आपणहून हिशोब मांडला आणि म्हणाला, "सर, म्हणजे आमच्या पंचवीस किलोच्या पोत्यात नऊ किलो पाणीच असतंय."