इंग्लंडमधला पूर्वज शोधताना

शोध अलीकडून मागे न्यावा. जन्म, विवाह, मृत्यूच्या सरकारी नोंदी १ जुलै १८३७ पासूनच्या. विवाहाचा दाखला आधी मागवा. त्यात सहसा दोघांच्याही वडिलांचं नाव, व्यवसाय असतो, म्हणजे एक पिढी आयतीच मिळते. १८४१च्या जनगणनेतल्या वयावर विसंबू नका: पंधरापुढची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली उतरवलेली, ३४चा माणूस ३०चा दिसतो. जन्मगाव १८५१पासून कळतं. सरकारी नोंदींआधीचं पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, रजिस्टरांत, मात्र तारीख बहुतेकदा बाप्तिस्म्याची.

आडनावाच्या स्पेलिंगवर अडू नका. कारकून ऐकेल तसं लिहीत. स्मिथसारखी धंद्यावरची आडनावं ठिकठिकाणी स्वतंत्रपणे पडली, तिथे नातं गृहीत धरणं फुकट. दुर्मीळ आडनाव असेल, तर १८८१च्या जनगणनेत ते कुठल्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) दाटलंय ते बघा.