डाळिंबाचा रस आणि मामांचे 30 टक्के: संशोधन वाचताना या चुका टाळा

सोलापुरात डाळिंबाला नावं ठेवणं म्हणजे घरच्या माणसाची चहाडी करणं. पण मामांचा फॉरवर्ड आला, 'डाळिंबाच्या रसाने मानेच्या रक्तवाहिनीतला थर 30 टक्के घटतो', आणि त्याच दिवशी मार्केट यार्डातून क्रेट घरी आलं. कोलेस्टेरॉलची गोळी बंद करायचा बेतही झाला. "अरे, पेपरात आलंय!"

संशोधनाचा पेपर खरा आहे, 2004 चा. चूक अशी की मामांनी टक्के वाचले, माणसं मोजली नाहीत. रस पिणारे 10, न पिणारे 9. आमच्याकडे बारशाच्या एका पंगतीला याहून जास्त पानं असतात.

दुसरी चूक म्हणजे हवं ते मिळालं की शोध थांबवणं. पबमेड, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या पेपरांची ऑनलाइन यादी, फुकट आहे. तिथे डाळिंब आणि कॅरोटिड (मानेतली ती रक्तवाहिनी) हे शब्द इंग्रजीत टाका, डावीकडे 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल' (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली चाचणी) आणि 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' (एका प्रश्नावरच्या सगळ्या अभ्यासांचा आढावा) यांवर खूण करा. 2009 ची 289 जणांची, 18 महिन्यांची चाचणी सापडते. एकंदरीत रसाने फरक पडला नाही, असा तिचा निकाल. (पबमेडवर दिसला म्हणून पेपर चांगलाच, असंही समजू नका. मागे घेतलेले पेपरही तिथे असतात. वर ठळक सूचना असते, ती आधी बघा.)

मामांनी तिथेही बोट ठेवलं. "हे बघ, काही जणांना फायदा झालाय की!" खरी मेख इथे आहे. निकाल लागल्यावर लोकांचे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) जास्त, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) कमी असे गट पाडत गेलात, तर योगायोगानेही एखाद्या गटात फरक दिसतो. ती पुढच्या चाचणीसाठी शंका झाली, पुरावा नव्हे. मुळात काय मोजायचं ठरलं होतं, ते चाचणीच्या नोंदणीत बघावं. भारतात त्यासाठी सीटीआरआय ही चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे. 15 जून 2009 पासून नोंदणी सक्तीची आहे.

पैसा कोणाचा, हे शेवटी बघा, पण बघाच. 2009 ची चाचणी रस विकणाऱ्या पॉम वंडरफुलच्याच पैशावर झाली, तरी निकाल त्यांच्या सोयीचा लागला नाही. म्हणजे पैसा दिसला की पेपर फेकायचा, असंही नाही. कंपनीच्या जाहिराती मात्र दिशाभूल करणाऱ्या असल्याचं अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2013 मध्ये ठरवलं.

गोळी चालू आहे. डाळिंबंही संपली. आता मामा म्हणतात, शेंगाचटणीवर काही निघतंय का बघ.