युद्धात गेलेल्या नटाचं चरित्र कसं जुळवावं

प्रॉम्प्टिंग करणाऱ्या बाईला एक खोड लागते: नटापेक्षा हातातल्या वहीवर जास्त विश्वास ठेवायचा. मी बरीच वर्षं विंगेत वही धरून बसले. आता जुन्या नटांची चरित्रं जुळवते, तीही त्याच खोडीने. त्यात युद्धात गेलेल्या नटांचं काम जरा वेगळं असतं. अशा माणसाचा मृत्यू कागदावर ठळक मांडलेला असतो: तारीख, हुद्दा, तुकडी, कबर. रंगभूमीवरचं आयुष्य मात्र चिठ्ठ्याचपाट्यांवर विखुरलेलं. म्हणून हौशी चरित्रकार मरणापासून सुरुवात करतो, आणि नट त्या शोकात हरवतो. तुम्ही उलट जा. आधी प्रयोग, मग फौज.

एकच उदाहरण घेऊन सांगते, बेसिल हॅलम या इंग्लिश नटाचं. १९१४ साली लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये ‘द पासिंग शो’ नावाचा रेव्ह्यू लागला. रेव्ह्यू म्हणजे गाणी, नाच आणि नकलांची मिसळ, कथानक नावापुरतं. त्यात हॅलम ‘गिल्बर्ट द फिल्बर्ट’ हे गाणं म्हणायचा. पात्र कसलं, तर कामधंदा नसलेला, ऐटीत फिरणारा छैलछबीला. त्या गाण्याने त्याचं नाव शहरभर झालं. २० ऑगस्ट १९१६ रोजी, पहिल्या महायुद्धातल्या सोम नदीकाठच्या लढाईच्या काळात, तो फ्रान्समध्ये मेला.

पहिलं काम नावाचं. नटाला बहुधा दोन नावं असतात, आणि फौजेला जाहिरातीतलं नाव चालत नाही. हॅलमचं पूर्ण नाव बेसिल हॅलम रॅडफर्ड, लष्करी नोंदीत तो कॅप्टन रॅडफर्ड. म्हणजे हॅलम या आडनावाने शोधत बसलात तर कबर सापडायची नाही. आणि नुसतं ‘बेसिल रॅडफर्ड’ शोधलंत तर आणखी मोठा खड्डा आहे. त्या नावाचा दुसरा इंग्लिश नट होता, १८९७ साली जन्मलेला. तोही पहिल्या महायुद्धात लढला, पण वाचला, पुढे चित्रपटांतल्या विनोदी भूमिकांनी गाजला आणि १९५२ साली वारला. दोघंही नट, दोघंही फौजेत. तेव्हा फोटोखाली नुसतं नाव असेल आणि नाटकाचा, तारखेचा पत्ता नसेल, तर तो फोटो बाजूला ठेवा, कितीही देखणा असला तरी.

नाव पक्कं झालं की एक तक्ता आखा: तारीख, थिएटर, नाटक, भूमिका, आणि हे कुठे मिळालं. शेवटचा रकाना रिकामा सोडायचा नाही. तक्ता भरायला ब्रिटिश नटासाठी सगळ्यात उपयोगी दोन जुनी साप्ताहिकं, ‘द एरा’ आणि ‘द स्टेज’. ही धंद्यातल्या लोकांची पत्रं. परीक्षणं तर असतातच, पण मी आधी जाहिरातींचे रकाने बघते, कारण काम हवं असलेले आणि मिळालेले नट तिथे स्वतःच्या नावाने दोन ओळी छापून आणत. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हमध्ये पैसे भरून हे अंक शोधता येतात. जुना ठसा यंत्राला नीट वाचता येत नाही, म्हणून नावातलं एखादं अक्षर बदलून, किंवा नुसतं नाटकाचं नाव घालूनही शोधा. दौऱ्यावरच्या नटाचा माग तर गावच्या वर्तमानपत्रांतच लागतो. लंडनच्या परीक्षकाने त्याला एक विशेषणही दिलेलं नसतं, आणि गावच्या बातमीदाराने त्याच्या टोपीसकट वर्णन केलेलं असतं.

दुसरा साठा संहितांचा. ब्रिटनमध्ये १९६८ पर्यंत नवं नाटक रंगमंचावर आणण्याआधी लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कचेरीचा परवाना लागायचा, आणि त्यासाठी संहिता जमा करावी लागायची. १८२४ पासूनच्या त्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. सेन्सॉरचा आपल्यावर झालेला हा एकमेव उपकार. पण वहीवाली बाई म्हणून सांगते, परवान्याला दिलेली संहिता म्हणजे प्रयोग नव्हे. रेव्ह्यूत तर गाणी चालली तशी राहतात, पडली तशी गळतात. म्हणून संहितेच्या जोडीला प्रयोगाची छापील पत्रिका हवीच. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पत्रिकांचा आणि फोटोंचा मोठा साठा आहे. एकाच नाटकाच्या दोन वेगवेगळ्या महिन्यांच्या पत्रिका मिळाल्या तर शेजारी ठेवून वाचा: कोण आलं, कोण गेलं, बदली नट कधी उभा राहिला, हे तिथेच कळतं.

आणि पत्रिका पूर्ण वाचा, फक्त आपल्या नटाची ओळ नको. हॅलमच्या बाबतीत याचं फळ थक्क करणारं आहे. त्याच ‘पासिंग शो’मध्ये ग्वेन्डोलीन ब्रॉग्डन ही नटी तरुणांना फौजेत ओढणारं गाणं म्हणायची, आणि ते गाणं रचणारी जोडी हॅलमच्या गाण्याचीच होती: आर्थर विम्पेरिस आणि हर्मन फिंक. एकाच रंगमंचावर एकीकडे हा रिकामटेकडा शौकीन आणि दुसरीकडे भरतीचं आवाहन. चरित्राचं अर्धं नाट्य इथे आयतं मिळतं, आपल्याला रंग चढवावा लागत नाही.

आता नटापासून सैनिकापर्यंतचा पूल. इथे भावनेपेक्षा कॅलेंडर कामाला येतं. ब्रिटन युद्धात उतरलं ४ ऑगस्ट १९१४ ला. त्याच महिन्यात फोकस्टनमध्ये ॲडमिरल चार्ल्स फिट्झजेराल्डने साध्या कपड्यातल्या तरुणांना बायकांकरवी पांढरं पीस देण्याची मोहीम काढली. भ्याडपणाचा तो शिक्का. रोज रात्री उजेडात उभा राहणारा धडधाकट नट लोकांच्या डोळ्यांवर यायला वेळ लागत नसे. सक्तीची भरती मात्र १९१६ च्या कायद्याने आली, प्रथम अविवाहितांसाठी. तुमचा नट या तारखेच्या अलीकडे गेला की पलीकडे, हे आधी ठरवा. हॅलम १९१५ मध्येच रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये, म्हणजे ब्रिटिश फौजेच्या हवाई दलात गेला, म्हणजे सक्तीच्या आधी. ‘देशाच्या हाकेला धावून गेला’ असलं वाक्य लिहिण्यापेक्षा या दोन तारखा शेजारी ठेवणं बरं.

लष्करी कागदांसाठी लंडनच्या क्यू भागातलं नॅशनल आर्काइव्हज, म्हणजे सरकारी दप्तरखाना. साध्या शिपायांच्या पहिल्या महायुद्धातल्या फायलींपैकी जवळजवळ साठ टक्के १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या, त्यामुळे फाइल मिळाली नाही तर माणूस फौजेत नव्हता असं समजू नका. अधिकाऱ्यांच्या फायली वेगळ्या मालिकेत आहेत. तुकडीची रोजनिशी शोधा, त्या दिवशी हवा कशी होती इथपर्यंत मिळतं. कबरीसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचा शोध फुकट आहे. हॅलम कुआँ इथल्या ब्रिटिश स्मशानभूमीत आहे. नट गणवेशात नसेल तर वाट वेगळी: इंग्लिश नट लेस्ली हॉवर्ड दुसऱ्या महायुद्धात १ जून १९४३ ला लिस्बनहून निघालेल्या प्रवासी विमानात होता, ते जर्मन विमानांनी बिस्केच्या उपसागरावर पाडलं. तिथे विमान कंपनीची नोंद आणि वर्तमानपत्रंच कामाची.

मृत्यूवर लिहिण्याआधी त्याचं काम समजून घ्या. हॅलम निरीक्षणाच्या फुग्यात असे. हायड्रोजन भरलेला लांबोडा फुगा, खाली टोपली, जमिनीवरच्या चरकाला बांधलेली तार, आणि तोफांचे गोळे कुठे पडतात ते सांगायला टेलिफोन. वैमानिकांना नसलेली पॅराशूट या माणसांना मिळायची. त्या दिवशी तार तुटली, फुगा शत्रूच्या बाजूला वाहू लागला, हॅलमने उडी घेतली आणि तो पडून मेला. पॅराशूट उघडलं नाही की फुग्यात अडकलं, यावर कथनं जुळत नाहीत. हजारो सैनिक खालून बघत होते, आणि प्रत्येकाने आपापली गोष्ट घरी लिहिली.

अशा वेळी सर्वांत रंगतदार कथन निवडायचं नाही. कोण कुठे उभा होता आणि त्याने ते किती दिवसांनी लिहिलं, एवढं बघून दोन कथनं जशीच्या तशी द्या. जागाही मोजून द्या: मृत्यूला एक पान, तर पॅलेस थिएटरला निदान चार. त्याच्या आवाजाच्या ध्वनिमुद्रिका उरल्या आहेत, त्या लिहिण्याआधी ऐका. शब्द तो कुठे ओढतो, कुठे थांबतो, हे लिहून काढा आणि तक्त्यात त्या भूमिकेपुढे टाका.